मूठभर धान्य आणि विचारण्याचा हक्क

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा कायदे, कमिशने आणि विद्यापीठे यांच्या अनुक्रमाने सांगतो. एल्फिन्स्टनच्या टिपणापासून प्रारंभ करावा, १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठापाशी थोडे थांबावे, १८८२च्या हंटर कमिशनचा उल्लेख करावा आणि स्वातंत्र्यानंतरच्या अधिनियमांपर्यंत येऊन पोहोचावे, असा तो क्रम असतो. हा क्रम चुकीचा नव्हे. परंतु ज्या गावाने शाळेसाठी देवळाची ओवरी मोकळी करून दिली, ज्या कुणब्याने सुगीच्या दिवसांत पंतोजींच्या घरी जोंधळ्याची पायली पोचविली आणि ज्या माउलीने दळायला बसण्यापूर्वी जात्यात घालावयाच्या धान्यातली एक मूठ बोर्डिंगातील अनोळखी मुलासाठी बाजूला काढली, त्यांची नोंद या क्रमात कोठेच सापडत नाही. शिक्षणसंस्था आणि लोकसमुदाय यांचे सहकार्य हा अलीकडे विद्यापीठांतून अभ्यासाचा मोठा विषय झाला आहे. आपल्याकडे त्या सहकार्याला दीर्घ इतिहास आहे, आणि त्या सहकार्याचा अभ्यास करण्यालाही तितकाच जुना इतिहास आहे. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले म्हणजे एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो: ज्याने दिले, त्याला विचारण्याचा हक्क होता काय?

पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारला या मुलखाची जी माहिती हवी होती, तीत महसुलाच्या जोडीने शाळांचीही माहिती होती. १८२४च्या सुमारास मुंबई इलाख्यातील कलेक्टरांकडे देशी शाळांविषयी विचारणा झाली आणि त्यांची उत्तरे दप्तरात जमा झाली. सव्वाशे वर्षांनंतर, १९५१ साली, रा. वि. परुळेकर यांनी ते कागद शोधून, संकलित करून प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी अमदानीच्या आरंभीचे महाराष्ट्रातील गावठी शिक्षण कसे होते, याचे साधार चित्र प्रथमच आपल्यासमोर उभे राहिले. या शाळांना स्वतःची इमारत नव्हती. त्या देवळात, धर्मशाळेत, एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत किंवा पंतोजींच्या स्वतःच्या ओसरीवर भरत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी वाचावी, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतचे पाढे तालासुरात म्हणावेत आणि हिशेबाला पक्के व्हावे, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम होता. पंतोजींना सरकारी वेतन नव्हते. मुलांचे पालक दरमहा काही रोख देत, कोणी धान्य घालीत, सणावारी शिधा येई, आणि अशा रीतीने गावाच्या बलुत्यापासून फारशा दूर नसलेल्या एका व्यवहारावर ती शाळा उभी असे.

या व्यवहाराचे एक मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. पंतोजी नीट शिकवीत नाहीत असे वाटले, तर पालक मूल काढून घेत आणि पंतोजींचे उत्पन्न त्या प्रमाणात घटे; म्हणजे देणाऱ्याच्या हाती विचारणा करण्याचे एक साधे, अलिखित पण परिणामकारक साधन होते. परंतु त्याच वेळी हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की ज्या समुदायाच्या आधारावर ही शाळा चाले, तो समुदाय म्हणजे संपूर्ण गाव नव्हते. मुलींना तीत प्रवेश नसे, अस्पृश्यांची मुले तिच्या पायरीशीही येऊ शकत नसत, आणि शेतात राबणाऱ्या बहुसंख्य कुळांना तिचा विशेष उपयोग नव्हता. गावाच्या सहभागाचे गुणगान करणाऱ्याने गाव म्हणजे कोण, हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. तो न विचारता केलेला अभ्यास अर्धवट राहतो.

इंग्रजी अमलात शाळेचा आणि रयतेचा संबंध नवे रूप घेऊन पुढे आला. १८६४च्या सुमारास मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आण्याची लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली आणि तिच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून पूर्वी पंतोजींकडे जाणारे धान्य आता तलाठ्याच्या खर्ड्यात आणि मामलेदाराच्या खजिन्यात जमा होऊ लागले. देणे कायम राहिले, किंबहुना ते सक्तीचे झाले; मात्र शाळा कोठे उघडावी, मास्तर कोण नेमावा, त्याने काय शिकवावे, याविषयी त्या देणाऱ्याला विचारण्याची तजवीज कोणत्याही हुकूमनाम्यात नव्हती. या विसंगतीवर सर्वांत कठोर आणि सर्वांत अचूक बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून शाळेच्या दारातील जुनी भिंत प्रथम पाडणाऱ्या या पुरुषाने १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येत असता शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, ही तक्रार तर होतीच. परंतु तिच्या जोडीला काही विधायक सूचनाही होत्या. शिक्षक शक्य तोवर शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, ही त्यांची मागणी होती. शाळा आणि समुदाय यांच्या संबंधाचे इतके स्पष्ट विवेचन त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. लोकांकडून पैसा घेणे म्हणजे लोकांना सहभागी करून घेणे नव्हे, हा विचार त्यांनी दप्तराच्या भाषेत सरकारपुढे मांडला होता.

या विचाराचे पहिले मोठे प्रायोगिक रूप कोल्हापूर संस्थानात दिसले. शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा बोर्डिंगचा पाया घातला, आणि पुढील दोन दशकांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती व इतर अनेक समाज यांची वसतिगृहे कोल्हापुरात एकामागून एक उभी राहिली. दरबाराने जागा द्यावी, इमारतीला मदत करावी, वार्षिक नेमणूक बांधून द्यावी आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी वर्गणी जमवून, कमिटी नेमून संस्थेचा कारभार पाहावा, असा तो बंदोबस्त होता. १९१७ साली त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली. तथापि केवळ दंडाने शाळा भरत नाहीत, शिकणाऱ्या मुलाला राहावयास जागा आणि पोटाला अन्न लागते, हे त्यांनी वसतिगृहांच्या रूपाने त्यापूर्वीच ओळखले होते. येथे समुदायाला प्रथमच व्यवस्थापनाचा अधिकार मिळाला. मात्र तो जातीच्या चौकटीत मिळाला. त्या काळी लोक ज्या एककात संघटित होऊ शकत होते, ते एकक जात हेच होते, आणि व्यवहारकुशल राजाने आहे त्या वास्तवातूनच पुढची वाट काढली. ती चौकट ओलांडण्याचे कार्य त्यांच्याच सहवासात वाढलेल्या एका तरुणाच्या वाट्याला आले.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील हे औपचारिक शिक्षणाच्या मोजपट्टीने फारसे यशस्वी विद्यार्थी नव्हते. किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले, साताऱ्यात कूपर कारखान्यात राहिले, आणि या भ्रमंतीत शेतकऱ्याची चूल, त्याचे कर्ज आणि त्याच्या पोराची कोरी पाटी या तिन्हींची त्यांना जी ओळख झाली, ती कोणत्याही कमिशनच्या अहवालात मिळाली नसती. सत्यशोधक विचारांच्या या माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले, तेथे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस सुरू झाले, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरणसमारंभ झाला. या बोर्डिंगचे वैशिष्ट्य असे, की सर्व जातिधर्मांची मुले येथे एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत. साताऱ्यासारख्या ठिकाणी त्या काळात ही गोष्ट किती धाडसाची होती, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते.

हे बोर्डिंग चालले कशावर? एका टोकाला लक्ष्मीबाई पाटील यांचे दागिने होते. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे सोने, अखेर मंगळसूत्रही, मोडून देणाऱ्या या बाई १९३० साली निवर्तल्या, आणि त्यांच्या त्यागाची हकीकत आजही सातारा जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यांचे श्रम होते. शेत कसावे, खडी फोडावी, इमारतीचे दगड वाहावेत आणि शिकावे, असा जो क्रम येथे रूढ झाला, तोच पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झाला. आणि या दोन टोकांच्या मध्ये होती ती मुठी फंडाची योजना. घरोघरच्या स्त्रियांनी रोज दळताना मूठभर धान्य वेगळे काढून ठेवावे आणि संस्थेच्या माणसाने ठरल्या दिवशी ते गोळा करून न्यावे, इतकी ती साधी होती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्या मुठीची किंमत नगण्य वाटेल. परंतु रोजच्या रोज, न चुकता, स्वतःच्या हाताने काढून ठेवलेल्या त्या दाण्यांमुळे ज्या घरात अक्षर माहीत असलेले एकही माणूस नव्हते, त्या घराचाही बोर्डिंगशी दररोज संबंध येत असे. धान्य न्यायला आलेल्या माणसाला ती बाई आपल्या गावचा पोरगा अभ्यासात कसा आहे, हे विचारू शकत असे. लोकल फंडाच्या पट्टीत जे नव्हते, ते या मुठीत होते.

कोकणात आणि पुण्यात याच काळात अशाच वृत्तीचे दुसरे प्रयत्न चालू होते. धोंडो केशव कर्वे यांनी तरुणपणीच आपल्या मुरूड गावाच्या भल्यासाठी गावकऱ्यांकडून, विशेषतः बाहेरगावी नोकरीला असलेल्यांकडून, उत्पन्नाचा थोडा अंश जमविण्याचा उपक्रम आरंभिला होता. आणि वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यानंतर, १९३६ साली, ज्या खेड्यांत शाळाच नाही त्यांच्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था, नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज, अशा संस्थाही लोकवर्गणीच्या बळावर उभ्या राहत होत्या. भाऊरावांनी मात्र या सर्व शक्यतांना एका जिल्ह्यात एकत्र आणले. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली अध्यापक विद्यालय काढले. १९३७ नंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने शाळा नसलेल्या गावांत खाजगी प्राथमिक शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारताच या विद्यालयात तयार झालेले तरुण जावळी-पाटणच्या डोंगरी मुलखात जाऊन बसले, आणि पाहता पाहता संस्थेच्या अशा शाळांची संख्या पाचशेच्या पलीकडे गेली. जोतीरावांनी १८८२ साली जो शिक्षक मागितला होता, तो अर्ध्या शतकानंतर अशा रीतीने रयतेच्याच घरातून निघून रयतेच्याच मुलांपुढे उभा राहिला. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज ही मोफत निवासी शिक्षणाची पुढची पावले होती. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले.

येथवर आपण व्यवहाराचा इतिहास पाहिला. आता त्याच्या अभ्यासाचा पाहू. १८२४च्या विचारणेत कलेक्टरांनी शाळा मोजल्या, मुले मोजली, क्वचित पंतोजींची प्राप्ती लिहून ठेवली. संशोधनाची ही पहिली प्रवृत्ती गणनेची होती आणि राज्यकर्त्याला जे हवे तेवढेच ती विचारीत असे. दुसरी प्रवृत्ती विसाव्या शतकात आली. १९२९ साली हार्टोग समितीने भारतातील प्राथमिक शिक्षणातील गळती आणि कुंठितता यांकडे लक्ष वेधले. नाव दाखल होणे म्हणजे शिकणे नव्हे, अनेक मुले पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतूनच नाहीशी होतात आणि अनेक एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून पडतात, ही गोष्ट अधिकृतपणे मान्य झाली. पुण्यात १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हा प्रश्न प्रत्यक्ष गावांत नेला. धनंजयराव गाडगीळ यांनी शाळा सोडलेली माणसे पुन्हा निरक्षर होतात काय, आणि वि. म. दांडेकर यांनी गळती व कुंठितता यांचे प्रमाण किती, याचा शोध घेतला; या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. या दोन्ही पाहण्या झाल्या त्या सातारा जिल्ह्यात. म्हणजे ज्या जिल्ह्यात मुठीमुठीने शाळा उभ्या राहत होत्या, त्याच जिल्ह्यात त्या काळचे अत्यंत चिकित्सक अर्थशास्त्रज्ञ घरोघर जाऊन, शिकलेले टिकते किती, हे तपासत होते.

या दोन प्रयत्नांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. भाऊरावांची श्रद्धा आणि दांडेकरांची कोष्टके यांची एकमेकांना गरज होती; केवळ उत्साहाने चाललेली चळवळ आपल्या अपयशाकडे डोळेझाक करू शकते आणि केवळ कोष्टकांत रमलेला अभ्यास त्या अपयशामागच्या माणसाला विसरू शकतो. परंतु या दुसऱ्या प्रवृत्तीतही एक उणीव होती. संशोधक गावात जाई, प्रश्न विचारी, उत्तरे लिहून घेई, आणि निष्कर्ष पुण्याला किंवा मुंबईला छापले जात. ज्याच्या ओसरीवर बसून ती माहिती घेतली, त्याच्यापर्यंत ते निष्कर्ष परत जाण्याची वाट मात्र बांधलेली नव्हती. विचारण्याचा हक्क पूर्वी सरकारकडे होता; आता तो विद्वानांकडे आला, एवढेच.

गावालाच अभ्यासात सहभागी करून घेणाऱ्या तिसऱ्या प्रवृत्तीचा उगम कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे शोधावा लागतो. भुदरगड तालुक्यातील या गावी डॉ. व्ही. टी. पाटील आणि जे. पी. नाईक यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मौनी विद्यापीठाची उभारणी केली. बालशिक्षणापासून उच्च शिक्षणापर्यंतची सोय एका ग्रामीण परिसरात व्हावी, शेती, सहकार आणि आरोग्य यांच्याशी तिचा जिवंत संबंध असावा आणि शिक्षणसंस्थेने आसपासच्या खेड्यांना आपले कार्यक्षेत्र मानावे, ही त्यामागची कल्पना होती. १९५६च्या सुमारास केंद्र सरकारने देशात ज्या थोड्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निवडल्या, त्यांत गारगोटी आणि अमरावती ही महाराष्ट्रातील दोन ठिकाणे होती. नाईकांनी १९४८ साली भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली, पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून १९६४ ते १९६६ या काळात राष्ट्रीय शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात प्रमुख भाग घेतला, आणि दिल्लीच्या सचिवालयात वावरतानाही खेड्यातील शाळेचा विचार त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

दरम्यान सातारा जिल्ह्यानेच आणखी एक नवा पाठ घालून दिला होता. १९५९ साली येथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शाळेच्या मास्तरांनी, शिकलेल्या तरुणांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना शिकवावे, संपूर्ण गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावा आणि हे यश एखाद्या व्यक्तीचे नव्हे, तर गावाचे मानावे, असे तिचे स्वरूप होते. सातारकरांचे पाहून ही मोहीम इतर जिल्ह्यांतही पसरली. साक्षरतेचे एकक येथे व्यक्ती नसून गाव होते, ही तिची खरी देणगी होय. मात्र समारंभ उरकल्यावर वाचनाला पुस्तक नाही, पुस्तकाला वाचनालय नाही, अशी स्थिती जेथे राहिली, तेथे शिकलेले पुसले जाण्याचा जो धोका गाडगीळांनी पूर्वीच अभ्यासिला होता, तोच पुन्हा उभा राहिला.

पुण्यात आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९च्या सुमारास चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जो प्रयोग हाती घेतला, त्यात मला संशोधनाची तिसरी प्रवृत्ती पूर्णत्वाने दिसते. दिवसा गुरे राखणाऱ्या, धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या, शाळेच्या वेळेत शाळेला कधीच न येऊ शकणाऱ्या मुलांसाठी, त्यांत मुलींची संख्या मोठी, संध्याकाळचे वर्ग निघाले. शिकवणारा गावातलाच होता, वर्गाची वेळ आणि जागा गावकऱ्यांशी बोलून ठरविली जाई, आणि मुलांनी काय मिळविले याची परीक्षा केवळ कागदावर न होता बालजत्रेत, म्हणजे पालक आणि ग्रामस्थ यांच्या देखत, खेळ, गाणी, गोष्टी आणि हिशेब यांतून होई. येथे आई-बाप माहिती देणारे राहिले नाहीत. ते परीक्षक झाले. संशोधनाचा निष्कर्ष प्रथम गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि मग तो अहवालात गेला. आज जगभरच्या विद्यापीठांत सहभागी संशोधनाची जी चर्चा चालते, तिचा गाभा याहून निराळा नाही.

पुढे कायद्यानेही या दिशेने पाऊल टाकले. २००९च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली जाते, तिच्या सभासदांत निदान तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. ज्या जातींच्या मुलांना एकेकाळी पंतोजींच्या शाळेच्या पायरीशीही उभे राहता येत नव्हते, त्यांच्या आया आज शाळेच्या कारभारात कायद्याने बसू शकतात. ही घटना सामान्य नव्हे. तथापि कागदावरचा हक्क आणि चालता हक्क यांत अंतर असते. सभेची नोंद मुख्याध्यापकांनी लिहावी आणि पालकांनी सही किंवा अंगठा द्यावा, इतकाच जर त्या समितीचा व्यवहार राहिला, तर लोकल फंडाच्या पट्टीचेच ते सुधारलेले रूप ठरेल. म्हणून अलीकडचे अभ्यासक समितीच्या बैठका मोजून थांबत नाहीत. बैठकीत कोण बोलले, मुख्याध्यापकांनी कोणता प्रश्न ऐकून घेतला, गावाच्या मागणीवरून शाळेत प्रत्यक्ष काय बदलले, याचा ते शोध घेऊ लागले आहेत. हे वळण योग्य आहे आणि ते आपल्याच इतिहासातून स्वाभाविकपणे निघते.

दोन शतकांच्या या वाटचालीतून माझ्या मते एक कसोटी हाती लागते. एखादे महाविद्यालय खेडे दत्तक घेते, एखादे विद्यापीठ एखाद्या वस्तीशी करार करते, एखादी संस्था पालकांची वर्गणी घेते, तेव्हा लोकांनी किती दिले आणि संस्थेने किती कार्यक्रम केले, एवढ्यावरून त्या सहकार्याचे मोल ठरवू नये. प्रश्न कोणी निवडला, उत्तर प्रथम कोणाला कळले आणि उत्तर न पटल्यास ते नाकारण्याची मुभा कोणाला होती, हे तीन प्रश्न विचारावेत. या तिन्हींच्या उत्तरांत गावाचे नाव येत नसेल, तर त्या उपक्रमाला दानधर्म म्हणावे, सरकारी योजना म्हणावे, हवे तर समाजसेवाही म्हणावे. परंतु ती भागीदारी नव्हे. साताऱ्याच्या रयतेने घराघरांतून मूठमूठ धान्य दिले ते उपकार म्हणून नव्हे. ही शाळा आपली आहे आणि तिच्याविषयी आपण बोलू शकतो, हा विश्वास तिला त्या देण्यातून मिळाला होता. आजच्या संस्थांनी आपल्या परिसरातील लोकांना तो विश्वास परत मिळवून देणे, हे त्यांचे पहिले शैक्षणिक कर्तव्य आहे, आणि त्याविषयीचे संशोधनही त्या लोकांबरोबर बसूनच करावयास हवे.